वाचकांचे प्रश्न: लॅबव्ह्यूमधून निघणारा एक्सेल रिपोर्ट

लॅबव्ह्यूवर चालणाऱ्या टेस्ट बेंचचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढताना येणाऱ्या अडचणींबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ या अंकात घेतली आहेत. सगळे प्रश्न रिपोर्ट जनरेशन टूलकिटबद्दलचे, म्हणजे लॅबव्ह्यूतून ऑफिसचे रिपोर्ट काढणाऱ्या जोड-संचाबद्दलचे आहेत. लॅबव्ह्यूमध्ये प्रोग्रॅम चित्राने लिहितात: ब्लॉक डायग्रामवर चौकटी ठेवून त्या वायरने जोडायच्या. अशा प्रत्येक प्रोग्रॅमला किंवा त्याच्या तुकड्याला व्हीआय म्हणतात. उत्तरांआधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हे टूलकिट स्वतः एक्सेलची फाइल लिहीत नाही. ते ॲक्टिव्हएक्सच्या (एका प्रोग्रॅमने दुसरा चालवण्याच्या विंडोजच्या सोयीच्या) मार्गाने एक्सेल हा वेगळा प्रोग्रॅम उघडते आणि त्याच्याकडून काम करून घेते. खालच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

प्रश्न : एंड-ऑफ-लाइन टेस्टिंगच्या बेंचवर प्रत्येक पार्टचा एक रिपोर्ट निघतो. सकाळी सगळे सुरळीत असते, पण दुपारपर्यंत पीसी जड होतो. टास्क मॅनेजर उघडला तर एक्सेलच्या कितीतरी प्रोसेस दिसतात, स्क्रीनवर मात्र एकही एक्सेल नसते. — चाकणहून एक वाचक

या प्रोसेस म्हणजे न मिटलेले रेफरन्स, अर्थात एक्सेलला धरून ठेवणारे दुवे. एक्सेलला बाहेरून उघडणाऱ्याने आपले सगळे रेफरन्स परत केल्याशिवाय एक्सेल बंद होत नाही, आणि खिडकी दिसत नसल्यामुळे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कारणे चार असू शकतात. ती याच क्रमाने तपासा.

आधी बघा, डिस्पोज रिपोर्ट (रिपोर्ट मिटवून एक्सेल सोडणारा व्हीआय) प्रत्येक वाटेने खरोखर चालतो का. ‘पार्ट फेल’च्या केसमध्ये तो राहून गेलेला असणे ही नेहमीची चूक. डिस्पोज केस स्ट्रक्चरच्या (अटीप्रमाणे वाटा फोडणाऱ्या चौकटीच्या) बाहेर, शेवटी एकदाच ठेवा. त्याला रिपोर्टची वायर जोडा, आधीची एरर वायर जोडू नका. दोन्हीकडचे एरर पुढे मर्ज एरर्समध्ये एकत्र करा. म्हणजे मध्ये काहीही बिघडले तरी डिस्पोज चालेल आणि मूळ एररही हरवणार नाही.

दुसरे कारण सहसा कोणाच्या नजरेत येत नाही. रिपोर्टची वायर फॉर लूपमधून साध्या टनेलने (वायर लूपच्या कडेतून आत-बाहेर जाते त्या जागेने) नेली असेल आणि एखाद्या पार्टच्या नोंदी शून्य असतील, तर लूप शून्य वेळा चालतो. मग बाहेरच्या टनेलवर रिपोर्टच्या जागी रिकामी डिफॉल्ट किंमत येते. डिस्पोजला बंद करायला काही मिळत नाही आणि उघडलेले एक्सेल तसेच राहते. उपाय एका मिनिटाचा आहे: टनेलवर राइट-क्लिक करून तिथे शिफ्ट रजिस्टर करा. शून्य फेऱ्या झाल्या तरी शिफ्ट रजिस्टर आत आलेली किंमत जशीच्या तशी बाहेर देते. फॉर लूपमधून जाणारा कोणताही रेफरन्स शिफ्ट रजिस्टरनेच न्यावा, ही सवय लावून घ्या.

तिसरे कारण तुमचे स्वतःचे ॲक्टिव्हएक्स नोड. टूलकिटमध्ये नसलेली एखादी गोष्ट करायला तुम्ही प्रॉपर्टी नोडने वर्कबुक्स, त्यातून वर्कबुक, त्यातून वर्कशीट, त्यातून रेंज असे उतरत गेला असाल, तर ते चार वेगळे रेफरन्स झाले. प्रत्येकाला आपापला क्लोज रेफरन्स हवा. आतला आधी मिटवा, बाहेरचा नंतर. क्लोज रेफरन्स एरर आलेला असतानाही आपले काम करतो, त्यामुळे त्याला एरर वायर बिनदिक्कत जोडा.

चौथे कारण लाल ॲबॉर्ट बटण. ते दाबले की पुढचे काहीच चालत नाही, डिस्पोजही नाही. लाइनवर जाणाऱ्या प्रोग्रॅममध्ये व्हीआय प्रॉपर्टीजमधून हे बटण लपवा आणि स्वतःचे स्टॉप बटण द्या.

सिस्टिम एक्झेकमधून (विंडोजच्या आज्ञा चालवणाऱ्या व्हीआयमधून) टास्ककिल चालवून सगळी एक्सेल मारून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. आम्ही तो देणार नाही. त्याच पीसीवर सुपरवायझरने उघडलेले शिफ्टचे शीटही सेव्ह न होता जाते आणि खरी गळती तशीच राहते.

प्रश्न : माझ्या पीसीवर प्रोग्रॅम उत्तम चालतो. ईएक्सई (स्वतंत्र चालणारी फाइल) करून शॉपफ्लोअरच्या पीसीवर टाकला की न्यू रिपोर्टपाशीच, म्हणजे रिपोर्ट सुरू करणाऱ्या व्हीआयपाशीच एरर येतो. रनटाइम इंजिन घातलेले आहे. — अंबड, नाशिक

पहिला प्रश्न: त्या पीसीवर एक्सेल आहे का? रनटाइम इंजिन लॅबव्ह्यूचे काम भागवते, एक्सेलचे नाही. एररचा आकडा -२१४७२२१००५ किंवा -२१४७२२११६४ असेल तर विंडोजला एक्सेलची नोंदच सापडत नाही, असा त्याचा अर्थ. एक्सेल बसवा, एकदा हाताने उघडा, पहिल्या वेळी येणारे परवान्याचे आणि स्वागताचे डबे (डायलॉग बॉक्स) बंद करा. बाहेरून उघडलेल्या एक्सेलसमोर असा डबा आला तर तो दाबायला कोणी नसते आणि प्रोग्रॅम गोठल्यासारखा उभा राहतो.

एक्सेल असूनही एरर येत असेल तर दोष बहुधा बिल्डमध्ये आहे. न्यू रिपोर्ट हा व्हीआय एक्सेल, वर्ड, एचटीएमएल यांचे क्लास (त्या-त्या प्रकारच्या रिपोर्टचा कोड) प्रोग्रॅम चालू असताना लोड करतो. ब्लॉक डायग्रामवर त्यांचा थेट दुवा नसल्यामुळे ॲप्लिकेशन बिल्डर (ईएक्सई बनवणारे साधन) ते ईएक्सईत घेत नाही. बिल्ड स्पेसिफिकेशनमध्ये सोर्स फाइल्स या पानावर जा आणि टूलकिटचा एक्सेलचा क्लास ‘ऑलवेज इन्क्लुडेड’मध्ये टाका. वर्ड रिपोर्टही काढत असाल तर वर्डचा क्लासही टाका. क्लास आधी प्रोजेक्टमध्ये जोडलेला असावा लागतो, नाहीतर तो यादीत दिसत नाही.

एरर ७ आला तर फाइल सापडत नाही, आणि ती फाइल बहुतेक वेळा टेम्पलेट असते. ‘करंट व्हीआय पाथ’वरून एक पायरी मागे जाऊन टेम्पलेट शोधण्याची पद्धत ईएक्सईत फसते, कारण तिथे व्हीआयचा पत्ता ईएक्सईच्या पोटातला असतो. त्याऐवजी ॲप्लिकेशन डिरेक्टरी हा व्हीआय वापरा. सपोर्ट फाइल म्हणून दिलेले टेम्पलेट डिफॉल्टने ईएक्सईशेजारच्या ‘डेटा’ फोल्डरमध्ये जाते. ते फोल्डर त्याच इंग्रजी नावाने प्रोजेक्टशेजारीही ठेवा, म्हणजे एकच पाथ दोन्हीकडे लागू पडेल.

न्यू रिपोर्ट पार झाल्यावर पुढचा अडथळा सेव्हचा. फाइल एक्सेल सेव्ह करते, लॅबव्ह्यू नाही. त्यामुळे परवानगी नसली तर एरर ८ येईलच असे नाही. -२१४६८२७२८४ हा एक्सेलचा सरधोपट आकडा येतो आणि सोबत ‘सेव्हॲज फेल्ड’ असे काहीतरी लिहिलेले असते. अशा वेळी बघायच्या गोष्टी: रिपोर्ट प्रोग्रॅम फाइल्समध्ये सेव्ह होतोय का (साध्या युजरला तिथे लिहिता येत नाही, पब्लिक डॉक्युमेंट्स घ्या), फोल्डर आधी तयार आहे का (एक्सेल ते बनवत नाही, क्रिएट फोल्डरने बनवा, पण आधीच असेल तर एरर १० येतो म्हणून अगोदर तपासा), फाइलच्या नावात वेळेचा कोलन किंवा तारखेची तिरपी रेघ गेलीय का, आणि पूर्ण पाथ २१८ अक्षरांपुढे गेलाय का. एक्सेलची मर्यादा तेवढीच आहे. नाव वर्ष-महिना-दिवस आणि मग सलग तास-मिनिट-सेकंद असे ठेवले की फाइली आपोआप क्रमाने लागतात आणि ‘जुनी फाइल बदलू का’ हा प्रश्नच उभा राहत नाही.

प्रश्न : टाइमस्टॅम्प आकडा म्हणून एक्सेलमध्ये लिहिला आणि सेलला तारखेचा फॉरमॅट दिला. तारीख चार वर्षे मागे दिसते आणि वेळही चुकते. — वेर्णा, गोवा

लॅबव्ह्यू १ जानेवारी १९०४ पासूनचे सेकंद मोजतो, तेही जागतिक वेळेनुसार. विंडोजवरचे एक्सेल १९०० पासूनचे दिवस मोजते आणि १ जानेवारी १९०४ हा त्याच्या लेखी १४६२वा दिवस असतो. तुम्ही सेकंदांना ८६४०० ने भागून थांबला आहात. म्हणून तारीख चार वर्षे आणि एक दिवस मागे, वेळ साडेपाच तास मागे.

बरोबर सूत्र असे:

एक्सेलचा आकडा = (लॅबव्ह्यूचे सेकंद + १९८००) ÷ ८६४०० + १४६२

१९८०० म्हणजे भारतीय वेळेचे साडेपाच तास. पडताळणीसाठी १ जुलै २०२४, सकाळचे १० घ्या: एक्सेलमध्ये आकडा ४५४७४.४१६६७ यायला हवा. तुमच्या आत्ताच्या पद्धतीने तीच वेळ ३० जून २०२०, पहाटे साडेचार अशी दिसेल. भागाकाराआधी टाइमस्टॅम्प डबलमध्ये बदला. सिंगल प्रिसिजनमध्ये एवढ्या मोठ्या आकड्याचे सेकंद विश्वासार्ह राहत नाहीत. एखादे वर्कबुक १९०४ तारीख-पद्धतीवर सेट केलेले असेल तर १४६२ मिळवू नका. बेंच जर्मनीला किंवा अमेरिकेला जाणार असेल तर १९८०० हा स्थिरांक चालणार नाही. तिथे उन्हाळ्यात घड्याळ सरकते, म्हणून फरक त्या पीसीच्या वेळेवरून काढा.

तारीख स्ट्रिंग म्हणून पाठवायची पळवाट घेऊ नका. ‘०५/०७’ ही एका पीसीवर ५ जुलै आणि दुसऱ्यावर ७ मे होते, आणि १२ तारखेनंतर तीच स्ट्रिंग नुसता मजकूर म्हणून पडून राहते. हा घोळ महिन्याच्या पूर्वार्धात दिसत नाही, म्हणून जास्त वाईट.

प्रश्न : पार्टचा सीरियल नंबर ०००४५१ असा असतो, रिपोर्टमध्ये ४५१ होतो. काही बारकोड तर घातांकाच्या रूपात दिसतात.

टेम्पलेटमधल्या त्या सेलचा फॉरमॅट आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. लिहिल्यानंतर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, गेलेली शून्ये परत येत नाहीत. एक्सेल आकड्याचे १५ अंकच जपते; सोळाव्या अंकापासून पुढे शून्य भरते. त्यामुळे लांब बारकोड आकडा म्हणून गेला तर तो फक्त वेगळा दिसत नाही, प्रत्यक्षात बदलतो.

प्रश्न : ४०,००० ओळी, ८ कॉलम. रिपोर्ट तयार व्हायला इतका वेळ लागतो की लाइन थांबते. शिवाय ग्राफ सपाट येतो. — वाळूज

तुम्ही पाठवलेल्या डायग्रामच्या चित्रात एक्सेलला लिहिणारा व्हीआय दोन फॉर लूपच्या आत आहे. म्हणजे ३,२०,००० वेळा लॅबव्ह्यू दुसऱ्या प्रोसेसला हाक मारतो आणि उत्तराची वाट बघतो. एका सेलला लागणारा वेळ क्षुल्लक असला तरी एवढ्या हाकांची बेरीज मोठी होते. सगळा डेटा आधी एका द्विमितीय ॲरेमध्ये जमवा आणि लूपबाहेर टेबल लिहिणारा व्हीआय एकदाच वापरा. हाक एकच जाते, सेल कितीही असोत. ॲरे जमवतानाही लूपमध्ये बिल्ड ॲरे करत बसू नका, प्रत्येक फेरीला मेमरी नव्याने मागावी लागते. इनिशियलाइझ ॲरेने पूर्ण मापाचा ॲरे करून ठेवा आणि रिप्लेस ॲरे सबसेटने भरा. न्यू रिपोर्टला विंडोची अवस्था ‘मिनिमाइझ्ड’ द्या, म्हणजे एक्सेलचा स्क्रीन रंगवण्याचा वेळही वाचेल.

सपाट ग्राफचे कारण त्याच चित्रात दिसते: तुम्ही आकड्यांची स्ट्रिंग करून ॲरे भरला आहे. एक्सेलला ते आकडे नाहीत, मजकूर वाटतो. सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसत असेल. ग्राफ मजकुराला शून्य धरतो. शीर्षके वेगळी स्ट्रिंग म्हणून लिहा आणि आकडे आकड्यांच्या ॲरेने लिहा.

ग्राफ कोडमधून बनवण्यापेक्षा टेम्पलेटमध्ये एकदा हाताने बनवून ठेवणे आम्हाला केव्हाही पसंत. अक्षांची नावे, रंग, मर्यादेच्या लाल रेषा एक्सेलमध्ये पाच मिनिटांत होतात. तेच ब्लॉक डायग्रामवर अख्खी स्क्रीन खाते. त्याच न्यायाने कोडमध्ये ओळ-कॉलमचे आकडे पेरू नका. टेम्पलेटमधल्या सेलला नाव द्या आणि टूलकिटच्या एमएस ऑफिस पॅरामीटर्स क्लस्टरमध्ये ते नाव भरा. क्वालिटीवाल्यांनी वर एक ओळ वाढवली तरी कोडला हात लावावा लागणार नाही.

आणखी एक. एवढ्या ओळी रिपोर्टमध्ये कोणी वाचते का? जुन्या एक्सएलएस फाइलची मर्यादा ६५,५३६ ओळी, नव्या एक्सएलएसएक्सची १०,४८,५७६. सेकंदाला हजार नमुने घेतले तर हे नवे पानही साडेसतरा मिनिटांत भरते. कच्चा डेटा टीडीएमएस फाइलमध्ये (मोजमापे साठवण्याच्या लॅबव्ह्यूच्या फाइल-प्रकारात) ठेवा, आणि रिपोर्टमध्ये कमाल, किमान, सरासरी, निकाल आणि ग्राफपुरते हजार-दोन हजार बिंदू द्या. बिंदू गाळताना दर विसावा उचलू नका, शिखरे निसटतात. प्रत्येक तुकड्यातले कमाल आणि किमान दोन्ही घ्या.

प्रश्न : आयटीने ऑफिसची आवृत्ती बदलली आणि दुसऱ्या दिवसापासून -२१४७३१९७७९ हा एरर. एक्सेल हाताने व्यवस्थित उघडते. — बुटीबोरी

हा आकडा सांगतो की एक्सेलच्या टाइप लायब्ररीची (बाहेरून वापरता येणाऱ्या त्याच्या आज्ञांच्या यादीची) नोंद बिघडली आहे. बहुतेक वेळा नवी आवृत्ती काढून जुनी परत बसवली, आणि नव्या आवृत्तीची नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या नोंदवहीत) मागे राहिली, असे झालेले असते. ॲक्टिव्हएक्स वरच्या क्रमांकाची नोंद धरतो आणि तिने दाखवलेल्या जागी फाइल नसते.

आधी ऑफिस रिपेअर करा, दोन पर्यायांपैकी ‘ऑनलाइन’ असलेला. पुष्कळदा तेवढ्याने भागते. नाही भागले तर रजिस्ट्रीत क्लासेस रूटखाली टाइपलिब उघडा आणि ०००२०८१३ ने सुरू होणारी नोंद शोधा, ती एक्सेलची. तिच्या आत आवृत्त्या दिसतील: १.६ म्हणजे ऑफिस २००७, १.७ म्हणजे २०१०, १.८ म्हणजे २०१३, १.९ म्हणजे २०१६ आणि त्यापुढच्या. पीसीवर २०१३ असेल आणि तिथे १.९ दिसत असेल, तर १.९ ही अनाथ नोंद आहे. आधी एक्सपोर्ट करून ठेवा, मगच ती काढा. हे काम ॲडमिनच्या हक्काने आणि आयटीला सांगून करायचे आहे.

डेव्हलपमेंटच्या पीसीवर रन बाण तुटलेला दिसत असेल तर टूल्समधल्या ॲडव्हान्स्डखालून टूलकिटच्या फोल्डरला मास कंपाइल द्या, म्हणजे त्यातले सगळे व्हीआय नव्याने कंपाइल होतील. स्वतःच्या इन्व्होक नोडवर (एक्सेलची आज्ञा चालवणाऱ्या चौकटीवर) मेथड, म्हणजे ती आज्ञा, पुन्हा निवडून बघा, आवृत्तीगणिक काही मेथडचे पॅरामीटर वाढलेले असतात. शक्य तिथे, लाइनवर जे ऑफिस आहे तेच बिल्ड करायच्या पीसीवरही ठेवा.

प्रश्न : रात्री दोन वाजता टास्क शेड्यूलरने रिपोर्ट काढायचा आहे. युजर लॉग-इन असताना चालतो, लॉग-आउट असताना अडकतो.

अडकणारच. कोणी लॉग-इन नसताना टास्क विंडोजच्या अशा सेशनमध्ये चालतो जिथे डेस्कटॉप नसतो, आणि एक्सेल हे माणसाने समोर बसून वापरायचे सॉफ्टवेअर आहे. माणसाविना, सर्व्हिसमधून ऑफिस चालवणे मायक्रोसॉफ्टलाच मान्य नाही. तशा वापराला त्यांचा सपोर्ट मिळत नाही. सिस्टिम प्रोफाइलमध्ये रिकामे डेस्कटॉप फोल्डर बनवण्याची क्लृप्ती अनेकांना ठाऊक असते. ती चाललीच तरी रोजच्या कामासाठी तिच्यावर विसंबू नका.

दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, त्या पीसीवर एक युजर कायम लॉग-इन ठेवून स्क्रीन फक्त लॉक करा आणि टास्कला ‘युजर लॉग-इन असतानाच’ हा पर्याय द्या. दुसरा आणि जास्त टिकाऊ मार्ग, रात्रीच्या कामातून एक्सेल काढूनच टाका. राइट डिलिमिटेड स्प्रेडशीट हा व्हीआय लॅबव्ह्यूबरोबरच येतो. डिलिमिटर स्वल्पविराम द्या आणि सीएसव्ही लिहा. सजवलेला रिपोर्ट हवाच असेल तर सकाळी टेम्पलेट उघडल्यावर पॉवर क्वेरीने ती सीएसव्ही आत ओढता येते. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे आतून झिप केलेल्या एक्सएमएल फाइली असल्यामुळे, एक्सेल न बसवता ती थेट लिहिणाऱ्या लायब्रऱ्याही व्हीआय पॅकेज मॅनेजरमध्ये मिळतात.

प्रश्न : निकाल मराठीत हवा आहे, ‘उत्तीर्ण’ किंवा ‘नापास’. सेलमध्ये नुसती प्रश्नचिन्हे येतात. — कोल्हापूर

लॅबव्ह्यूची स्ट्रिंग युनिकोड नाही, ती विंडोजच्या जुन्या कोड पेजवर (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यावर) चालते. देवनागरीसाठी तसे कोड पेज विंडोजमध्ये कधी आलेच नाही, म्हणून अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात. फॉन्ट बदलून फरक पडणार नाही.

मराठी मजकूर लॅबव्ह्यूतून पाठवूच नका. शीर्षके, सूचना, सहीच्या जागा हे सगळे टेम्पलेटमध्ये मराठीत टाइप करून ठेवा. लॅबव्ह्यूने फक्त १ किंवा ० लिहावे आणि शेजारच्या सेलमधल्या इफ सूत्राने ‘उत्तीर्ण’ किंवा ‘नापास’ दाखवावे. दोषांचे प्रकार जास्त असतील तर एका लपवलेल्या शीटवर क्रमांक आणि मराठी नाव अशी यादी ठेवा व व्हीलुकअपने उचला. चौथा पर्याय ‘फॉल्स’ द्यायला विसरू नका, नाहीतर यादीत नसलेल्या क्रमांकाला जवळचा भलताच दोष चिकटतो. हीच अडचण फोल्डरच्या नावालाही येते: विंडोजच्या युजरचे नाव देवनागरीत असेल तर डॉक्युमेंट्सचा पाथ लॅबव्ह्यूला उघडता येत नाही. बेंचच्या पीसीवर युजर आणि फोल्डरची नावे इंग्रजीतच ठेवा, शीटच्या टॅबचे नाव मात्र टेम्पलेटमध्ये मराठीत असायला हरकत नाही. कोडमध्ये त्या शीटला नावाऐवजी क्रमांकाने गाठायचे.